इंग्रजीतील साखरपेरणी

संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवून 'गोड बोला' असे सांगणाऱ्या आपल्या समाजाला गोड बोलण्याचे मोल कोणी शिकवायला नको. परंतु 'गोड बोलून गळा कापणे' हा वाक्प्रचारही याच समाजाने घडविला आहे, हे विसरून चालणार नाही. गोडव्याची ही दोन्ही रूपे ओळखण्याची गरज आज आपल्याला पूर्वी कधी नव्हती इतकी भासू लागली आहे. कारण आपल्या दारी आणि आता आपल्या खिशातील भ्रमणध्वनीवर दररोज येऊन पडणारी इंग्रजी पत्रे पाहावीत, तर त्यांची भाषा दिवसेंदिवस अधिकाधिक मधाळ होत चालली आहे. बँकेचे पत्र, विमा कंपनीची सूचना, शाळेचे परिपत्रक, नोकरीच्या अर्जाला आलेले उत्तर, बांधकाम व्यावसायिकाची जाहिरात, या साऱ्यांत साखरेची अशी काही पखरण असते की, वाचणाऱ्याला आधी संकोच वाटतो, मग संशय येतो, आणि अखेरीस मूळ मजकूर कोणता होता हेच उमगत नाही.

पत्र पाठविणारा आपल्याला 'मूल्यवान ग्राहक' म्हणतो. आपले कुशल असावे अशी आशा प्रथम वाक्यात व्यक्त करतो. दुसऱ्या वाक्यात आपल्याशी असलेला स्नेहबंध त्याला किती प्रिय आहे ते सांगतो. तिसऱ्या वाक्यात आपली सेवा अधिक चांगली व्हावी म्हणून काही 'सुधारणा' करताना त्याला अत्यानंद होत असतो. आणि ही सुधारणा म्हणजे उद्यापासून आकारणी वाढणार, ही बातमी पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत दडून बसलेली असते. बेबिंकेचे थर एकेक करून उलगडावेत, तसे हे पत्र उलगडावे लागते. फरक एवढाच की, बेबिंकेच्या तळाशीही बेबिंकाच असते.

हा प्रश्न केवळ भाषाशैलीचा असता, तर आम्ही तो साहित्यविषयक पुरवणीवर सोपवून मोकळे झालो असतो. पण तो व्यवहाराचा आणि न्यायाचा प्रश्न आहे, अशी आमची धारणा असल्यामुळे त्याची येथे चर्चा करीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भाषेतील मार्दवाला आमचा विरोध नाही. कठोर गोष्ट सौम्य शब्दांत सांगण्याची रीत जगातील सर्व भाषांत आहे आणि मराठीत तर ती फार सुंदर रीतीने नांदते. आपण दुकान बंद करीत नाही, ते 'वाढवितो'. दिवा विझवीत नाही, तो 'शांत' करतो. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पाडली, त्याला आपल्या पूर्वजांनी 'देवी' म्हटले. प्राचीन ग्रीकांनीही सूड घेणाऱ्या उग्र देवतांना 'कृपाळू' हे नाव दिले होते. इंग्रज माणूस 'मेला' असे न म्हणता 'निघून गेला' असे म्हणतो, यातही वावगे काही नाही. दुःखितांच्या जखमेवर घातलेली ती फुंकर असते. या सर्व शब्दांत एक समान गुण आहे. त्यांचा अर्थ बोलणाऱ्याला ठाऊक असतो, तितकाच ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतो. दुकान वाढविले म्हणजे त्यात आणखी माल भरला, असे समजून कोणी दारात ताटकळत उभा राहत नाही.

पत्रातील औपचारिक गौरवाचेही असेच होते. जुन्या मराठी पत्रांचा मायना 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' असा दिमाखाने सुरू होई. साष्टांग नमस्कार होत, आणि मग 'विनंती विशेष' या शब्दांनंतर लेखक थेट मुद्द्यावर येई. किल्ला पडला असेल तर पडला, पैसा संपला असेल तर संपला, असे रोखठोक लिहिले जाई. इंग्रजीतील जुनी रीतही याच जातीची होती. 'आपला आज्ञाधारक सेवक' म्हणून सही करणारा माणूस आपला सेवक नाही, हे उभयपक्षी मान्य असे. १८०४ साली अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष ॲरन बर आणि माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यात जो कटू पत्रव्यवहार झाला, त्यातही 'आपला आज्ञाधारक सेवक' ही समाप्ती चुकली नाही. त्या पत्रव्यवहाराचा शेवट ११ जुलैच्या द्वंद्वयुद्धात झाला आणि बर यांच्या गोळीने हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी मरण पावले. परंतु पत्रांच्या शिष्टाचारामुळे कोणाचीही फसगत झाली नव्हती. आपल्याविरुद्ध पिस्तूल उचलले जाणार आहे, हे दोघांनाही स्वच्छ कळले होते.

म्हणजे गोडवा पत्राच्या मस्तकाशी आणि पायाशी होता, पोटात नव्हता. आज तो पोटात शिरला आहे, आणि बिघाड नेमका तेथे आहे.

हे कसे घडले, याचा एक चांगला दाखला अमेरिकेतील अंत्यविधीच्या धंद्यात सापडतो. जेसिका मिटफर्ड या लेखिकेने १९६३ साली 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' हे पुस्तक लिहून या धंद्याची झडती घेतली. प्रेताची पेटी विकणारा गृहस्थ स्वतःला 'फ्युनरल डायरेक्टर' म्हणवू लागला. साध्या 'कॉफिन'चे 'कास्केट' झाले. शववाहिनीला 'कोच' हे डौलदार नाव मिळाले. शब्द जसजसे मऊ झाले, तसतसे बिल जड होत गेले. शोकाकुल माणसाला पेटीच्या किमतीबद्दल घासाघीस करणे एकवेळ जमेल. पण प्रिय व्यक्तीच्या 'अंतिम विश्रांतीस्थाना'बद्दल घासाघीस तो कोणत्या तोंडाने करणार? गोड शब्दाने येथे दुःख हलके केले नाही. विचारायला हवा होता तो प्रश्न तोंडातच अडविला.

आजच्या कचेरीतील इंग्रजीने हीच युक्ती उचलली आहे. तिची काही ठळक लक्षणे सांगता येतील.

पहिले लक्षण म्हणजे अप्रिय बातमी जमेल तितकी खाली ढकलणे. १७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना एक लांबलचक पत्र धाडले. त्याची सुरुवात 'हॅलो देअर' अशा मैत्रीच्या सुरात होती. मग कंपनीची धोरणे, फोनचे नवे प्रकार, बाजारपेठेतील संधी यांचे विवेचन आले. आणि सुमारे साडेबारा हजार माणसांच्या नोकऱ्या जाणार, ही बातमी अकराव्या परिच्छेदात आली. ज्या माणसाचा संसार त्या एका वाक्यावर अवलंबून होता, त्याला तेथवर पोहोचण्यासाठी आधीच्या दहा परिच्छेदांचा चिखल तुडवावा लागला. या पत्राची जगभर छी-थू झाली. परंतु त्या वळणाची पत्रे लिहिणे काही थांबले नाही.

दुसरे लक्षण म्हणजे कृत्याला भलतेच नाव देणे. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोच्या विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चार जागा हव्यात म्हणून कंपनीने बसलेल्या प्रवाशांना उतरविण्याचे ठरविले. एका प्रवाशाने नकार देताच सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याला फरफटत बाहेर काढले. त्याचे नाक मोडले, पुढचे दोन दात पडले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रमुखांनी जे निवेदन काढले, त्यात या प्रवाशांची 'पुनर्व्यवस्था' करावी लागल्याबद्दल क्षमा मागितली होती! 'रि-अकॉमोडेट' हा तो इंग्रजी शब्द. माणसाला रक्तबंबाळ करून ओढत नेणे आणि त्याची दुसरीकडे सोय लावणे या दोन गोष्टी एकाच शब्दात बसविणारी भाषा किती लवचीक असेल, याची कल्पना यावरून येते. लोक संतापले, तेव्हा कुठे दुसरे, अधिक सरळ माफीपत्र निघाले.

तिसरे लक्षण आपल्या अगदी परिचयाचे आहे. कर्ता गायब करणे. रस्ता महिनोन् महिने खणून ठेवलेला असतो आणि त्याच्या कडेला इंग्रजी फलक उभा असतो: झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो. कोणाला वाटतो? रस्ता कोणी खणला, तो कधी बुजविणार, न बुजविल्यास जाब कोणाला विचारायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या खेदात नसते. आणि पुष्कळदा तर 'काही गैरसोय झाली असल्यास' अशी पुस्तीही जोडलेली असते. म्हणजे खड्ड्यात पडून ज्याचा पाय मोडला, त्याने आधी आपली गैरसोय झाली आहे की नाही, हे सिद्ध करावयाचे!

चौथे लक्षण म्हणजे आनंदाची चलनवाढ. हल्लीच्या इंग्रजी पत्रात कोणालाही नुसता आनंद होत नाही. तो 'थ्रिल्ड' होतो. काम चांगले नसते, ते 'अमेझिंग' असते. पावती मिळाली एवढे कळविणाऱ्या ओळीपुढेही उद्गारचिन्हांची रांग उभी राहते. नोटा बेसुमार छापल्या म्हणजे रुपयाचे जे होते, तेच शब्दांचे होते. किरकोळ पावतीवर ज्याने अत्यानंद खर्च केला, त्याच्यापाशी मित्राच्या मुलीचे लग्न ठरल्याचे कळल्यावर द्यायला काय उरणार?

या लक्षणांकडे एखादा इंग्रज हसून पाहू शकेल, कारण त्याला या भाषेची किल्ली जन्मतःच मिळालेली असते. 'अत्यंत आदरपूर्वक' या शब्दांनी सुरू झालेले वाक्य म्हणजे आता आपल्या मताची चिरफाड होणार, हे तो ओळखतो. 'तुमचे म्हणणे माझ्या ध्यानात आले' म्हणजे ते मान्य नाही, हेही त्याला कळते. 'आपला अर्ज आम्ही संग्रही ठेवीत आहोत' याचा अर्थ अर्ज फेटाळला, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. पण आपल्याकडे काय होते? समजा, पेडण्याच्या एका तरुणाने परदेशी बोटीवरील नोकरीसाठी अर्ज केला. उत्तर आले की, आपल्या गुणवत्तेने आम्ही प्रभावित झालो आहोत, आपला अर्ज संग्रही ठेवीत आहोत, भविष्यात योग्य संधी येताच आपला अवश्य विचार करू. त्या मुलाने इंग्रजी शाळेत शिकले आहे. व्याकरण त्याला येते, शब्दकोश त्याच्या हाताशी आहे. तो शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ पाहील आणि त्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ चांगलाच मिळेल. मग तो हाती आलेली दुसरी नोकरी सोडून त्या पत्राची वाट पाहत बसेल. त्याचे सहा महिने कोणी चोरले, याचा पंचनामा कोणत्याही पोलीस ठाण्यावर होणार नाही.

अशा वेळी आम्हांला पानिपतची ती प्रसिद्ध चिठ्ठी आठवते. जानेवारी १७६१ मध्ये त्या भीषण पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकारी संकेतांत, मोती आणि मोहरा यांच्या हिशेबाच्या भाषेत, कळली, असे इतिहासात सांगितले जाते. ती भाषाही आडवळणाचीच होती. पण चिठ्ठी वाटेत परक्याच्या हाती पडली, तर त्याला काही कळू नये आणि ज्याच्या नावे ती होती त्याला सर्व कळावे, यासाठी ते आडवळण होते. आजच्या गोड पत्राने हा न्याय उलटा केला आहे. त्यातील गुपित ज्याच्या नावे पत्र आहे, त्याच्यापासूनच लपविलेले असते.

कर्जाच्या पत्रांत तर हा खेळ जिवावर बेतू शकतो. आपले खाते 'नियमित' करून घेण्याची सोय आम्ही आपणांस आनंदाने उपलब्ध करून देत आहोत, असे वाचणाऱ्या किरकोळ दुकानदाराला, हप्ते थकल्यामुळे आपले तारण धोक्यात आले आहे, हे उमगेलच असे नाही. कायद्याला हा धोका मुळीच ठाऊक नाही, असेही नव्हे. रिझर्व्ह बँकेने बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांसाठी घालून दिलेल्या न्याय्य व्यवहाराच्या संहितेत, कर्जदाराशी होणारा सर्व पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा, असे सांगितलेले आहे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही वाट ठेवली. तरीही दारात पडणारा लखोटा बहुधा इंग्रजीच असतो, आणि ती इंग्रजीही साखरेत घोळलेली.

गोमंतकीयांना तर गोड शब्दांचे राजकारण नव्याने शिकण्याची गरजच नसावी. पोर्तुगालने १९३० साली जो 'वसाहतविषयक कायदा' केला, त्यात निदान नाव तरी खरे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहत हा शब्द जगात लाजिरवाणा ठरू लागला, तेव्हा १९५१ साली सालाझारच्या राजवटीने राज्यघटनेतच फेरफार केला आणि वसाहतींचे नामकरण 'सागरपार प्रांत' असे केले. गोव्यातील परिस्थितीत त्या दिवशी काडीचाही फरक पडला नाही. सभाबंदी तीच, तुरुंग तेच, अभ्यवेक्षकाची कात्री तीच. मात्र १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाल्यावर, आमच्याकडे वसाहतीच नाहीत, त्यामुळे त्यांची माहिती देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे सांगण्यासाठी तो गोड शब्द कामी आला. अखेर १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने ठराव करून अशा प्रदेशांची यादीच जाहीर केली, आणि तीत गोव्याचे नाव होते. त्या काळच्या सरकारी पत्रांचा शेवट 'राष्ट्राच्या कल्याणासाठी' अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांनी होत असे. कोणाच्या राष्ट्राच्या आणि कोणाच्या कल्याणासाठी, हे पत्र घेणाऱ्याने विचारावयाचे नव्हते. नाव बदलले की वस्तू बदलते, असे समजणाऱ्यांचा भ्रम १९ डिसेंबर १९६१ ने संपविला.

वरून खाली येणाऱ्या या गोडव्याइतकाच खालून वर जाणारा गोडवाही घातक आहे, आणि त्याचा दोष मात्र आपल्याच पदरात पडतो. 'आदरणीय महोदय, योग्य तो मान राखून मी नम्रपणे विनंती करण्याची अनुज्ञा याचितो' अशा थाटाचे इंग्रजी अर्ज आपली मुले शाळेत अजूनही पाठ करतात. एक दिवसाची रजा मागायची, तर मुलगा दोन वेळा 'काइंडली' आणि एकदा 'हंबली' लिहितो. नळाला पाणी नाही, ही तक्रार करतानाही नागरिक आधी अधिकाऱ्याच्या कर्तृत्वाची आरती ओवाळतो. इंग्रजी राजवटीत अर्जदाराला साहेबापुढे वाकूनच उभे राहावे लागे. त्या वाकण्याची ही भाषा आहे. साहेब गेला, पण त्याच्यापुढे वाकलेली वाक्ये अजून ताठ उभी राहायला तयार नाहीत. ज्याला आपला हक्क मागतानाही भीक मागितल्यासारखे लिहावेसे वाटते, त्याला तो हक्क आपला आहे याचाच विसर पडू लागतो.

यावर कोणी म्हणेल की, मग काय उर्मटपणे लिहावे? या प्रश्नाचे उत्तर महात्मा गांधींनी देऊन ठेवले आहे. २ मार्च १९३० रोजी साबरमतीहून त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना इंग्रजीत जे पत्र लिहिले, ते प्रत्येक शाळेत शिकविण्याजोगे आहे. संबोधन होते 'प्रिय मित्र', आणि शेवटी सही होती 'आपला प्रामाणिक मित्र' म्हणून. पण मधल्या मजकुरात साखरेचा एक कणही नव्हता. ब्रिटिश राज्य हा आपण शाप मानतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. व्हाइसरॉयचा पगार दरमहा २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांहून अधिक. आणि हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. हा हिशेब त्यांनी त्याच व्हाइसरॉयपुढे मांडला, आणि त्यात व्यक्तीला दुखविण्याचा हेतू नाही, हेही बजावले. मागण्या कोणत्या, त्या मान्य न झाल्यास कोणत्या तारखेला मिठाचा कायदा मोडणार, हे सारे सांगून टाकले. पत्र पोहोचते करण्यासाठी निवड केली ती रेजिनॉल्ड रेनॉल्ड्स या इंग्रज तरुणाची. उलट बाजूने आले ते खाजगी चिटणिसाच्या सहीचे, खेद व्यक्त करणारे त्रोटक उत्तर. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली.

त्या दोन पत्रांपैकी सभ्य कोणते, हे ठरविणे कठीण नाही. समोरच्या माणसाला सत्य ऐकण्याच्या योग्यतेचा मानणे, ही सभ्यता; आणि त्याला सत्य पचणार नाही असे आपणच ठरवून त्याच्या तोंडात बत्तासा कोंबणे, हा त्याचा अपमान. गांधीजींनी आपल्या प्रतिपक्षाला मित्र म्हटले आणि त्याच्यापासून काहीही लपविले नाही. आजची कंपनी आपल्याला कुटुंबाचा घटक म्हणते आणि व्याजाचा दर तळटीपेत लिहिते.

इंग्रजी भाषेच्या घरातही या साखरेविरुद्ध झगडणारे शहाणे लोक झालेले आहेत, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आपल्याच बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेल्या जॉर्ज ऑरवेल यांनी एप्रिल १९४६ मध्ये एक दीर्घ निबंध लिहून, खेड्यांवर बाँब टाकण्याला 'शांतता प्रस्थापित करणे' म्हणणाऱ्या राजकीय भाषेचा बुरखा फाडला. सर अर्नेस्ट गावर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' हे छोटे पुस्तक सरकारी नोकरांसाठी लिहिले, आणि नागरिकाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर साध्या शब्दांत कसे द्यावे, हे शिकविले. परंतु आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती क्रिसी मेहर या लिव्हरपूलच्या सामान्य स्त्रीची कामगिरी. कुमारवय बरेच उलटेपर्यंत तिला वाचताही येत नव्हते. गरिबांना मिळावयाची मदत केवळ सरकारी फॉर्मची भाषा न कळल्यामुळे त्यांच्या हातून निसटते, हे तिने पाहिले, आणि १९७९ साली लंडनच्या पार्लमेंट चौकात शेकडो सरकारी फॉर्मच्या जाहीरपणे चिंध्या केल्या. तेथूनच सुबोध इंग्रजीची चळवळ उभी राहिली. अमेरिकेने २०१० साली, सरकारी खात्यांनी जनतेला समजेल अशा भाषेतच लिहिले पाहिजे, असा कायदा केला. भाषेचे मालक म्हणविणाऱ्यांनाही कायदा करावा लागतो, यावरून दुखणे किती जुने आणि चिवट आहे ते दिसते.

त्यात आता यंत्रांची भर पडली आहे. पत्र लिहून देणारी संगणकीय यंत्रे घराघरांत पोहोचली असून, त्यांना माणसाने लिहिलेल्या मजकुराच्या डोंगरावर शिकविले आहे. साहजिकच माणसाचा गोडवाही त्यांनी उचलला आणि त्याला दुप्पट पाक चढविला. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला चॅटजीपीटीमध्ये केलेली एक सुधारणा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. कारण काय, तर ते यंत्र वापरणाऱ्याची अतोनात खुशामत करू लागले होते, आणि ही गोष्ट कंपनीनेच मान्य केली. भाटांना पदरी ठेवण्यासाठी पूर्वी संस्थानिक असावे लागे. आता प्रत्येकाच्या खिशात एक भाट आहे. उद्या बँकेचे पत्र एक यंत्र लिहील, ग्राहकाचे उत्तर दुसरे यंत्र लिहील, दोघेही परस्परांचे कुशल इच्छितील, आणि थकलेल्या हप्त्याची गोष्ट दोघांच्याही साखरेत विरघळून जाईल.

या साथीपासून मराठी दूर राहील, असे समजण्याचे कारण नाही. इंग्रजी पत्रांची शब्दशः भाषांतरे करकरून मराठीतही 'आपणांस कळविण्यास आम्हांला अत्यंत आनंद होत आहे' हे वाक्य रुजले आहे. दर वाढले तरी आनंद, सेवा बंद झाली तरी आनंद. मराठीची मूळ प्रकृती अशी नाही. 'ओठात एक आणि पोटात एक' ही गोष्ट तिने नेहमी दूषणास्पदच मानली. आणि कारले तुपात तळले नि साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, हे तिने म्हणीत बांधून ठेवले. ज्या भाषेला कारल्याची ही पारख आहे, तिने हा उसना पाक कशासाठी चढवून घ्यावा?

उपाय अवघड नाहीत. नागरिकाच्या पैशाशी, जागेशी, नोकरीशी किंवा आरोग्याशी संबंध असलेल्या प्रत्येक पत्राच्या पहिल्या तीन ओळींत काय घडले, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत काय करावयाचे आणि तक्रार कोणाकडे करावयाची, एवढे आलेच पाहिजे. त्यानंतर हवी तेवढी शुभेच्छांची बरसात करावी. हे पत्र ज्याला पाठवायचे त्याच्या भाषेत, मराठीत वा कोंकणीत, असले पाहिजे. बँकांच्या आणि वित्तसंस्थांच्या स्थानिक शाखांकडे हा आग्रह ग्राहक संघटनांनी व पंचायतींनी धरावा. अर्ज नाकारला असेल, तर 'नाकारला' हा शब्द लिहावा. नकाराने माणूस मरत नाही. तो दुसरे दार ठोठावायला मोकळा होतो. आणि शाळांनी मुलांना पाठांतराचे लाचार अर्ज देण्याऐवजी, आपले म्हणणे पाच स्वच्छ वाक्यांत मांडायला शिकवावे. इंग्रजीत शिकवावे, मराठीतही शिकवावे.

वाचकांनीही एक सवय लावून घ्यावी, असे आम्ही सुचवितो. गोड इंग्रजी पत्र हाती आले की, त्यातील विशेषणे पेन्सिलने खोडावीत आणि उरलेल्या शब्दांत 'कोणी, काय, किती, केव्हा' यांची उत्तरे शोधावीत. ती सापडली, तर पत्र ठीक. न सापडली, तर शाखेत जाऊन लेखी खुलासा मागावा, आणि तो मागताना 'काइंडली' हा शब्द एकदा लिहिला तरी पुरे.